रेघवाल्यांचं बोट

डेअरीत त्यांना खऱ्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. तोंडावर 'रेघवाले साहेब', पाठीमागे नुसतं 'रेघ्या', आणि एखाद्याचा टँकर परत फिरवला की त्या दिवशी जे काही म्हणत ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही. आपणही त्यांना रेघवालेच म्हणू.

त्यांचं काम सांगायला सोपं. दुधात औषध आहे का नाही, तेवढं बघायचं. गाईची कास सुजली की जनावरांचा डॉक्टर तिला अँटिबायोटिकचं इंजेक्शन टोचतो. गाय बरी होते, पण ते औषध पुढे काही दिवस तिच्या दुधात उतरत राहतं. तेवढे दिवस तिच्या पायाला लाल पट्टा बांधायचा, दूध वेगळ्या बादलीत काढायचं आणि ओतून द्यायचं. ते बाकीच्या दुधात जरा जरी मिसळलं तरी सगळ्याचा सत्यानाश. त्या दुधाला विरजण लागत नाही, आणि ज्याला त्या औषधाचं वावडं असेल त्याच्या अंगावर गांधी उठतात. म्हणून आलेल्या प्रत्येक टँकरमधलं थोडंसं दूध रेघवाले नळीने उचलत, एवढ्याशा कुपीत सोडत, कुपी गरम ठोकळ्यात बसवत आणि तिच्यात कागदाची अरुंद पट्टी उभी करत. पट्टीवर दोन तांबड्या रेघा उमटल्या की दूध चांगलं. एकच उमटली की गेलं गटारात.

आता एक रेघ कमी पडली म्हणून अख्खा टँकर ओतून द्यायचा, हे ड्रायव्हर लोकांच्या काही केल्या पचनी पडत नसे. 'अहो, नीट बघा की, पुसट दिसतेय दुसरी!' म्हणून ते खिडकीच्या काचेला नाक लावून विनवण्या करत. रेघवाले मान वर न करता म्हणत, 'नाही.' बस्स, विषय संपला. रेघवाल्यांचं 'नाही' म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं सगळेच म्हणत, आणि म्हणताना दातओठ खात.

त्यांची खोली लांबलचक बोळाच्या टोकाला होती. एक ओटा, एक फ्रिज, एक बाक, भिंतीवर थांबून थांबून चालणारं घड्याळ. नोकरीच्या सुरुवातीला कुणा दूधवाल्याने त्यांना बिस्किटांचा पुडा दिला होता. दुसऱ्या दिवशी त्याचं दूध पास झालं, आणि लोकांनी जो काय अर्थ लावायचा तो लावला. तेव्हापासून रेघवाल्यांनी कुणाचा कपभर चहासुद्धा घेतला नाही. सगळ्यांना चार हात लांब ठेवलं. पहिली काही वर्षं त्यासाठी कष्ट पडले, पुढे लोक आपण होऊनच लांब राहायला लागले. डेअरीतल्या कुणाच्याही घरचं आमंत्रण त्यांना येत नसे, आणि येत नाही याचं कुणाला काही वाटतही नसे.

घरीही तीच तऱ्हा. एका बंद दुकानाच्या माथ्यावर दोन खोल्या. आई होती तोवर एका खोलीत ती आणि एका खोलीत हे. आई गेल्यावर दोन्ही खोल्या यांच्याच, म्हणजे कुणाच्याच नाहीत. जेवायच्या टेबलाला दोन खुर्च्या होत्या. दुसरीवर वर्तमानपत्रांची चळत चढत चढत पार पाठीपर्यंत गेली होती. ती उचलली असती तर खुर्ची रिकामी दिसली असती, म्हणून त्यांनी ती उचलली नाही. लग्न का नाही केलं, असं विचारणारेही आता थकले होते.

एवढ्या सगळ्यात बोलायला येणारं माणूस एकच. मावशी.

मावशींचं घर ओढ्यापलीकडे. मधला पूल अरुंद, टँकर जात नाही, म्हणून त्या आपल्या खटारा गाडीच्या मागे कॅन बांधून स्वतः दूध घेऊन येत. गाई तीनच. एक ठिपकी, एक मोठी आणि एक लाथाळी. सकाळची टँकरांची रांग हटली, रेघवाल्यांचं जेवण झालं, की बोळातून मावशींच्या चपलांचा आवाज येई. गुडघे दुखतात म्हणून त्या बाहेर उभ्या न राहता सरळ आत येऊन बाकावर बसत आणि पट्टीवर रेघा उमटेपर्यंत तोंडाचा पट्टा चालू ठेवत. ठिपकीने काय खाल्लं, मोठीने कुणाला शिंग दाखवलं, शेजारणीच्या सुनेने काय दिवे लावले. रेघवाले म्हणत, 'हं.' फार झालं तर, 'हो का?'

पण एक गोष्ट सांगतो, ती फक्त तुम्हालाच. कधीकधी दोन्ही रेघा लख्ख उमटलेल्या असायच्या आणि तरी रेघवाले पट्टीवर हात धरून म्हणायचे, 'थांबा मावशी, अजून नीट दिसत नाहीय.' सबंध नोकरीत हा माणूस खोटं बोलला असेल तर तेवढंच.

तर एका रविवारी रेघवाल्यांची दाढ सुजली. साधीसुधी नाही, गाल असा टरारून आला की आरशात भलताच माणूस. नेमका त्याच संध्याकाळी बहिणीचा फोन. ती धाकटी, लांबच्या शहरात संसारात बुडालेली, पण दर रविवारी फोन चुकवायची नाही.

'दादा, बरा आहेस ना?'

'बरा आहे.'

'जेवलास?'

'जेवलो.'

'आवाज का असा येतोय रे?'

'तोंडात घास आहे.'

घास कसला, सूज होती. पण सांगून ती बिचारी तिकडून करणार काय, उगीच जिवाला घोर, असं यांचं म्हणणं. माणसाने समजूतदार असावं, पण इतकं? मला तर असल्या समजूतदारपणाचा रागच येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दातांच्या डॉक्टरला गाठलं. त्याने दाढ बघून तोंड वाकडं केलं. 'सूज उतरल्याशिवाय हात लावता येणार नाही. या कॅप्सूल घ्या, तिन्ही वेळा, जेवणानंतर. ताप चढेल एखादवेळी. घरी आहे ना कुणी?'

'आहे की,' रेघवाले म्हणाले. घरी दोन खुर्च्या होत्या, एवढं खरं.

आता यांची एक खोड. कॅप्सूल यांच्या घशाखाली उतरत नसे. लहानपणापासून. आई कॅप्सूल उघडून आतली भुकटी चमच्यात साखरेत कालवायची आणि म्हणायची, 'डोळे मीट, आ कर.' पन्नाशी उलटली तरी रेघवाल्यांची तीच रीत चालू होती, फक्त आता 'डोळे मीट' म्हणणारं कुणी नव्हतं. दुपारचा डबा खाऊन झाला की ते ओट्याच्या कडेला पांढरा नॅपकिन पसरत, त्यावर बशी ठेवत, कॅप्सूल चिमटीत धरून उघडत. भुकटी थोडी बशीत पडे, थोडी इकडेतिकडे. डोळे मिटून चमचा तोंडात. मग साबण लावून कोपरापर्यंत हात धुवायचे, नॅपकिनला कोरडे करायचे आणि कामाला लागायचं. स्वच्छतेच्या बाबतीत त्यांचं नाव घेण्यासारखं होतं.

त्या सोमवारी मावशी आल्या त्या बोलतच आल्या. लाथाळीची कास सुजली होती, डॉक्टर येऊन इंजेक्शन देऊन गेला होता. 'लाल पट्टा बांधलाय हो तिला. आधी ठिपकी काढते, मग मोठी, आणि सगळ्यात शेवटी ती, वेगळ्या बादलीत. मेली लाथा झाडते नुसती.' रेघवाल्यांनी नळीला प्लास्टिकचं टोक बोटाने दाबून बसवलं, दूध उचललं, कुपीत सोडलं, पट्टी उभी केली आणि वाट बघितली. मावशींचं लक्ष त्यांच्या तोंडाकडे गेलं.

'अहो, तुमचा गाल असा का...'

'मावशी, एकच आहे,' रेघवाले म्हणाले.

'काय एकच?'

'रेघ.'

मावशी आधी हसल्या. रेघवाले थट्टा करायला शिकले, असंच त्यांना वाटलं. मग त्यांनी रेघवाल्यांचा चेहरा पाहिला आणि हसू मावळलं. रेघवाल्यांनी दुसरी कुपी घेतली, पुन्हा केलं. पुन्हा एकच. दूध मागच्या अंगणात नेऊन ओतलं. मावशी बाजूला उभ्या राहून फरशीवरून वाहत जाणारं दूध शेवटपर्यंत बघत राहिल्या. गालाचा प्रश्न राहिला तो राहिलाच.

मंगळवारी तेच. 'मी डोळ्यांत तेल घालून काढलंय हो, शपथ घेते,' मावशी म्हणाल्या. रेघवाले म्हणाले, 'पट्टी खोटं बोलत नाही.' बुधवारी मावशी बाकावर बसल्या खऱ्या, पण तोंडातून शब्द काढला नाही. सबंध वेळ रेघवाल्यांच्या हातांकडे बघत होत्या. खोलीत नुसता घड्याळाचा आवाज. एकच रेघ.

डेअरीचा नियम असा की तिसऱ्यांदा सापडलं की दूध बंद, कायमचं. मॅनेजरने तसं सांगून टाकलं. वयाने लहान, पण नियमाला पक्का. टँकरच्या रांगेत बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो? 'म्हातारी भारी निघाली,' कुणी म्हणालं. 'लाल पट्टेवालीचं दूध हळूच ओतत होती आणि तोंडाने गोडगोड.' ज्यांचे टँकर आजवर परत फिरले होते तेच सगळ्यात मोठ्याने बोलत होते. रेघवाल्यांनी काच लावून घेतली. त्यांना वाईट वाटत होतं, पण पट्टीपुढे इलाज नव्हता.

दूध बंद करायच्या आधी गोठ्यात जाऊन एकेका गाईचा नमुना आणायचा, हे काम रेघवाल्यांचंच. गुरुवारी टँकर आटोपल्यावर ते सायकलवर पूल ओलांडून गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी मावशींचं घर पाहिलं. गोठा लखलखीत. बादल्या दोन, एकीच्या कडीला लाल दोरा बांधलेला, दोन कोपऱ्यांत दोन. चूक व्हायला जागा नव्हती. मावशींनी न बोलता तिन्ही गाईंचं थोडं थोडं दूध बाटल्यांत काढून दिलं. मग बाटलीचं झाकण लावता लावता एकदम म्हणाल्या,

'मला एक खरं सांगाल? माणूस विसरायला लागलं, तर त्याचं त्याला कळतं का हो?'

'म्हणजे?'

'मला पक्कं आठवतंय, मी तिचं दूध वेगळं काढते. रोज. पण तुमची पट्टी खोटं बोलत नाही. म्हणजे माझंच डोकं खोटं बोलतंय. माझ्या आईचं असंच झालं होतं, आधी बादल्या विसरली, मग आम्हाला.' त्यांनी लाथाळीच्या पाठीवर हात ठेवला. 'आज दुपारी गुरांचा व्यापारी येतोय. तिघींना देऊन टाकते. उद्या माझ्या हातून कुणाच्या लेकराच्या पोटात औषध जायला नको.'

रेघवाल्यांनी बाटल्या पिशवीत ठेवल्या. ते म्हणाले, 'बघतो.' सायकल ढकलत पुलापर्यंत आले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपण हँडल फार घट्ट धरलंय. उद्यापासून बोळात चपला वाजणार नाहीत. हा विचार त्यांनी झटकला, कारण कामात असले विचार बसत नाहीत.

खोलीवर आल्या आल्या तिन्ही बाटल्या तपासल्या. ठिपकी, दोन रेघा. मोठी, दोन रेघा. लाथाळी, दोन रेघा. तिच्या दुधातलंही औषध संपलं होतं. रेघवाल्यांच्या कपाळाला आठी पडली. काल एक रेघ, आणि आज तिघींच्याही दोन? मनात नको ते आलं: आपण येणार हे ठाऊक होतं, म्हणून नजर चुकवून लाथाळीच्या बाटलीत दुसरीचं दूध भरलं असणार. इतकी वर्षं ज्या बाईची वाट बघितली तिच्याबद्दल असं मनात आलं, याची त्यांनाच लाज वाटली. म्हणून म्हणाले, जेवून घेऊ आणि पुन्हा एकदा बघू.

डबा खाल्ला. नॅपकिन पसरला. कॅप्सूल उघडली, साखर, चमचा, डोळे मिटले. हात धुतले, पुसले. त्याच तीन बाटल्या पुन्हा घेतल्या.

ठिपकी, एक रेघ. मोठी, एक. लाथाळी, एक.

रेघवाले बघतच राहिले. बाटल्या त्याच. तपासल्यावर झाकणं त्यांनीच परत लावलेली, खोलीत दुसरं कुणी पाऊल टाकलेलं नाही. आणि मोठीला तर कित्येक वर्षांत साधी सुईसुद्धा टोचलेली नव्हती. मग मधल्या वेळात झालं काय? झालं काय तर आपण जेवलो. त्यांची नजर हळूहळू ओट्याच्या कडेला गेली. बशीत कॅप्सूलची दोन रिकामी टोपणं पडली होती, आणि नॅपकिनवर पांढऱ्यावर पांढरी, दिसेल न दिसेल अशी भुकटी.

त्यांनी फ्रिजमधून खात्रीच्या दुधाची बाटली काढली. हे मुद्दाम ठेवलेलं दूध, ज्यात औषधाचा कण नाही हे पक्कं ठाऊक असतं. थोडं वाटीत ओतलं. मग उजव्या हाताचं पहिलं बोट, नुकतंच साबणाने धुतलेलं आणि नॅपकिनला पुसलेलं, त्या वाटीत बुडवलं.

पट्टीवर एकच रेघ आली.

हे त्यांना आधी कळायला नको होतं का? कळायलाच हवं होतं! एका चिमटीने केवढं दूध नासतं, हे आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवलेला माणूस. प्रत्येक गाईबद्दल विचारायचा, 'औषध चालू आहे का?' पण स्वतःला विचारायचं राहून गेलं, आणि दुसरं विचारणारं कोण होतं? घरात कुणी असतं तर म्हणालं असतं, अहो, चार दिवस रजा घ्या. फोनवर खरं सांगितलं असतं तर बहीण ओरडली असती. रेघवाले मावशींच्याच बाकावर बसले आणि हात मांडीवर असे उलटे ठेवले, जणू ते दुसऱ्या कुणाचे आहेत.

मॅनेजरने सगळं ऐकून डोक्याला हात लावला. 'तुम्ही आजारी होतात? मग सांगितलं का नाही?'

'कुणी विचारलं नाही,' रेघवाले म्हणाले. तक्रार म्हणून नाही, झालं तसं सांगितलं.

मॅनेजरने दार लोटून घेतलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, 'हे बघा साहेब, हे बाहेर गेलं तर तुमचे जुने सगळे निकाल लोक उकरून काढतील. ज्याचा ज्याचा टँकर परत गेला तो म्हणेल, तेव्हाही रेघवाल्यांचंच बोट होतं. कॅप्सूल कधी संपतायत? परवा? मग काहीतरी निमित्त काढून पुढच्या आठवड्यात म्हातारीचं दूध सुरू करू. गाजावाजा कशाला?'

रेघवाल्यांना मोह झाला नाही असं नाही. त्यांच्यापाशी दुसरं होतंच काय? माणसं नव्हती, गोतावळा नव्हता, होता तो एक शब्द, ज्याला लोक शिव्या देत पण खोटं म्हणत नसत. तोच गेला तर त्या बोळाच्या टोकाला बसायचं कशाच्या जोरावर?

'तिच्या गाई आज जातायत,' ते म्हणाले, आणि उठले.

फाटकाशी एक टँकरवाला टायर बडवत होता. याचा टँकर मागे दोनदा परत गेलेला, त्यामुळे रेघवाल्यांवर त्याचा पहिल्यापासून दात. रेघवाले तडक त्याच्यापाशी गेले. 'मला पुलापर्यंत सोड. माझ्या हाताला औषध होतं. मावशींचं दूध चांगलं होतं. तिन्ही दिवस.' आजूबाजूचे चारपाच जण ऐकत होते. ऐकू दे, म्हणूनच ते मोठ्याने बोलले होते.

टँकरवाल्याचं तोंड उघडंच राहिलं. पण त्याने रेघवाल्यांना शेजारी बसवून टँकर काढला. वाटेत म्हणाला, 'म्हणजे माझं दूधसुद्धा...?'

'नाही. तेव्हा मी धडधाकट होतो. तुझ्या दुधात औषध होतं.'

'होतं,' टँकरवाला रस्त्याकडे बघत म्हणाला. 'मलाही माहीत होतं.' आणि त्याने गाडी जरा दामटली.

तरी उशीर झालाच. ते धापा टाकत पूल ओलांडून गेले तेव्हा व्यापाऱ्याची गाडी येऊन गेलेली होती. एकीपुरतीच जागा होती, बाकी दोघींना तो उद्या नेणार होता. नेताना चांगली तीच नेतात. ठिपकीच्या जागेवर नुसता खुंटा होता आणि तिने अर्धवट टाकलेला चारा.

मावशी उलट्या बादलीवर बसल्या होत्या. रेघवाल्यांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. दाढ, कॅप्सूल, नॅपकिन, बोट. त्यांना गोष्टी रंगवून सांगता येत नसत, त्यामुळे ते लवकर संपलं.

मावशींनी मान वर केली. 'म्हणजे,' त्या सावकाश म्हणाल्या, 'मी विसरत नाहीय?'

'नाही मावशी. तुमचं काहीच चुकलं नव्हतं.'

मावशींनी पदराने तोंड पुसलं. मग उठल्या आणि असा काही तोंडाचा दांडपट्टा फिरवला की मोठीसुद्धा कान टवकारून बघायला लागली. 'तीन रात्री डोळ्याला डोळा नाही माझ्या! स्वतःच्या हातांची भीती वाटायला लागली होती मला! चहात साखर घातली का नाही, हे चारचारदा चाखून बघत होते! आणि हे महाशय बोटाला औषध फासून मला सांगतायत, पट्टी खोटं बोलत नाही! माझी ठिपकी गेली ना हो! वासरू होती तेव्हापासून माझ्या हातची!' रेघवाले खाली मान घालून उभे होते. 'क्षमा करा' म्हणायला त्यांनी दोनदा तोंड उघडलं, पण ठिपकीच्या खुंट्याकडे बघितलं की ते शब्द फार तोकडे वाटत.

'व्यापाऱ्याला सांगून बघू?' ते म्हणाले.

'तो कसला देतोय परत. केव्हाच पुढे विकली असेल.' मावशी भिंतीपाशी गेल्या. खिळ्याला लाथाळीचा लाल कापडी पट्टा लटकत होता, तिचे औषधाचे दिवस संपल्यामुळे आज सकाळीच सोडलेला. तो घेऊन त्या आल्या. 'हात पुढे करा.'

'काय?'

'हात! गाईला बांधायचा आणि माणसाला नाही, हा कुठला न्याय? औषध चालू आहे ना? मग बांधून ठेवा. लोकांना दिसू दे. आणि हा हातात असेपर्यंत माझ्या दुधाला बोट लावायचं नाही, सांगून ठेवते.' गाईने लाथा झाडल्या तरी सुटणार नाही अशी गाठ त्यांनी रेघवाल्यांच्या मनगटावर आवळली. बोटं खरखरीत आणि गरम होती. आई गेल्यापासून रेघवाल्यांचा हात कुणी असा धरला नव्हता. त्यांचे डोळे भरून आले आणि दाढ दुखत असल्याचा बहाणा त्यांना बरा सापडला.

उरलेल्या दोघी राहिल्या. मॅनेजरने दूध पुन्हा सुरू केलं, रेघवाल्यांना कॅप्सूल संपेपर्यंत सक्तीची रजा दिली, आणि वरिष्ठांकडून जे काही ऐकून घ्यायचं ते घेतलं. रेघवाले परत आले तेव्हा रांगेत टोमणे व्हायचे ते झालेच. 'साहेब, आज बोट कुठंकुठं घातलं?' वगैरे. पण मनगटावरचा पट्टा बघून प्रत्येक जण थबके आणि विचारी, 'काय झालंय?' गेटवरच्या वॉचमनने विचारलं. झाडूवाल्या बाईने विचारलं. टँकरवाल्याने काचेला नाक लावून विचारलं, 'दाढ काढली का शेवटी?' इतकी वर्षं ज्या खिडकीतून फक्त रेघांची चौकशी झाली, तिच्यातून पहिल्यांदा त्यांची स्वतःची चौकशी होत होती. आणि रविवारी बहिणीला त्यांनी खरं सांगितलं. ती इतकी रडली, इतकी ओरडली, की फोन ठेवायला रात्रीच्या जेवणाची वेळ झाली.

कॅप्सूल तर संपल्याच होत्या. दाढ गेली. हाताचं औषधही गेलं, खात्रीच्या दुधात बोट बुडवून त्यांनी ते स्वतः पाहिलं. पट्टा मात्र मनगटावर तसाच राहिला, मळून तपकिरी पडला तरी; आणि तो होता तोवर मावशींचं दूध मॅनेजरच बघत होता.

एका दुपारी बोळात चपला वाजल्या. मावशी बाकावर बसल्या. कॅन आता पूर्वीइतका जड नव्हता. ठिपकीबद्दल त्या हल्ली बोलत नसत, आणि रेघवाले विचारत नसत. मावशींची नजर पट्ट्यावर गेली.

'अजून औषध चालू आहे?'

'नाही. कधीच संपलं.'

'मग सोडा की हा!'

'एका हाताने गाठ सुटत नाही.'

'कात्री नाही एवढ्या मोठ्या डेअरीत?'

रेघवाले ओट्यावरच्या कात्रीकडे बघत राहिले. ती समोरच होती. मावशींनाही दिसत होती.

'मावशी,' ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज त्यांनाच अनोळखी वाटला, 'हा असला की लोक विचारतात. नसला की कोण विचारणार? घरी कुणी नसतं माझ्या.'

मावशींनी पिशवी बाजूला ठेवली. त्यांच्याही गोठ्यात एक जागा रिकामी होती, ती रेघवाल्यांच्याच हातांनी केलेली, आणि ते दोघांनाही ठाऊक होतं. मग त्या उठल्या, दात लावून गाठ सैल केली, पट्टा सोडला आणि घडी घालून आपल्या पिशवीत टाकला.

'विचारायला पट्टा कशाला लागतो मला? त्या दिवशी विचारतच होते, तर तुमची रेघ मध्ये आली. सांगा आता, गाल कसा आहे?'

'बरा आहे,' रेघवाले सवयीने म्हणाले. मग थांबले. 'अजून ठणकतो. रात्री जास्त.'

'ठणकणारच. आधी माझं दूध बघा. मग मिठाच्या पाण्याचं सांगते.'

रेघवाल्यांनी हात धुतले, वाऱ्यावर वाळवले, नळी उचलली. थोड्या वेळाने पट्टीवर दोन रेघा उमटल्या, लख्ख. त्यांनी पट्टी मावशींच्या समोर धरली आणि म्हणाले, 'दोन आहेत.'

'दिसल्या,' मावशी म्हणाल्या, आणि बाकावरून उठल्या नाहीत.